आंबवलेल्या दुधातील उपकारक जिवाणू : घातक जिवाणूंना अटकाव कसा होतो?

बडोदे शहराच्या पश्चिमेस, विश्वामित्री नदीच्या काठावर अकोटा हा भाग वसलेला आहे. आज तो शहराचा एक गजबजलेला विभाग असला, तरी त्याचे मूळ बडोद्याहूनही जुने आहे. इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ‘अंकोट्टक’ या नगरीचा आणि तिच्या परिसरातील ‘वडपद्रक’ या गावाचा उल्लेख येतो. हे वडपद्रक म्हणजेच पुढचे बडोदे. नदीच्या पलीकडील दांडिया बाजार आणि रावपुरा या वस्त्यांमध्ये गायकवाडी काळापासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत. सकाळचे विरजण, दुपारचे ताक आणि गुढीपाडव्याचे श्रीखंड ही परंपरा त्यांनी गुजरातच्या भूमीतही जपली आहे.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीने पंचवीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि तिचे पाणी पस्तीस फुटांच्याही वर गेले. अकोट्यासह नदीकाठच्या अनेक वस्त्यांमध्ये पाणी शिरले. पूर ओसरल्यानंतर कोणत्याही शहरासमोर दुसरे संकट उभे राहते, ते दूषित पाण्यातून पसरणाऱ्या अतिसाराचे. गोव्यातही पावसाळ्यात विहिरी आणि जलवाहिन्या दूषित झाल्या की हीच चिंता घराघरांत असते. अशा वेळी ‘दही खा, पोट सांभाळेल’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला हमखास ऐकू येतो. आता त्याच्या जोडीला दुकानांतील ‘प्रोबायोटिक’ दही, ताक आणि लहान बाटल्यांतील आंबवलेली दुधे आली आहेत. या सल्ल्यात शास्त्र किती आणि श्रद्धा किती, हे प्रत्येक घराला ठाऊक असणे आवश्यक आहे; कारण अतिसाराच्या वेळी चुकीच्या उपायावर विसंबणे लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

दही आणि प्रोबायोटिक दही : भेद कोणता?

प्रत्येक दही आंबवलेले असते, परंतु प्रत्येक दही प्रोबायोटिक नसते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये प्रोबायोटिकची व्याख्या केली. पुरेशा प्रमाणात दिले असता ज्यांच्यामुळे घेणाऱ्याच्या आरोग्यास लाभ होतो असे जिवंत सूक्ष्मजीव, असा तिचा आशय आहे. या व्याख्येत तीन अटी आहेत. सूक्ष्मजीव जिवंत असले पाहिजेत, त्यांची मात्रा पुरेशी असली पाहिजे आणि त्यांचा लाभ सिद्ध झालेला असला पाहिजे.

घरच्या विरजणात लॅक्टोकॉकस, लॅक्टोबॅसिलस, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, ल्यूकोनोस्टॉक अशा अनेक जिवाणूंचे मिश्रण असते. ते घराघरांत, ऋतूऋतूंत बदलते. त्यातील एखादा जिवाणू उपकारक असेलही. पण तो कोणता, किती आणि आतड्यापर्यंत जिवंत पोहोचतो की नाही, हे तपासलेले नसते. प्रोबायोटिक दह्यात मात्र ठरावीक वाण ठरावीक संख्येने घातलेला असतो. येथे ‘वाण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भाताच्या एकाच पिकाचे गुणधर्म वाणागणिक बदलतात, त्याचप्रमाणे एकाच प्रजातीच्या दोन जिवाणू-वाणांचे गुण भिन्न असू शकतात. एका वाणाने सिद्ध केलेला लाभ दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नाही.

वैद्यकपरंपरेपासून प्रयोगशाळेपर्यंत

ताकाची उपयुक्तता भारताला नवी नाही. चरकसंहितेत अर्श आणि ग्रहणी या विकारांत तक्राचा वापर सांगितलेला आहे. आधुनिक विज्ञानात या विषयाची सुरुवात विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. १९०५ मध्ये स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्यकशास्त्रज्ञाने जिनिव्हा येथे आपल्या देशातील दह्यातील दंडाकार जिवाणूचे वर्णन केले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील इल्या मेचनिकोव्ह यांनी पुढे असे मत मांडले की, आतड्यातील कुजविणाऱ्या जिवाणूंमुळे वार्धक्य लवकर येते आणि आंबट दुधातील जिवाणू त्यांना रोखू शकतात. १९०८ मध्ये मेचनिकोव्ह यांना पॉल एर्लिच यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरील कार्यासाठी. दह्यातील बल्गेरियन जिवाणू आतड्यात कायमचा वस्ती करीत नाही, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. तेव्हा जठरातील आम्ल आणि पित्त सोसून आतड्यात तग धरणाऱ्या वाणांचा शोध सुरू झाला. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये असा एक वाण वेगळा केला आणि १९३५ मध्ये त्यापासून बनविलेले आंबवलेले दूध ‘याकुल्ट’ या नावाने बाजारात आले.

बडोद्याच्या शेजारचा शोध

भारतातील या संशोधनाचे एक प्रमुख केंद्र अकोट्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. आणंद येथे १९४६ मध्ये अमूलची सहकारी चळवळ उभी राहिली आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची स्थापना झाली. तेथील दुग्धविज्ञान महाविद्यालयात, जे आज आणंद कृषी विद्यापीठाचा भाग आहे, जे. बी. प्रजापती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे उपकारक जिवाणूंचा अभ्यास केला. निरोगी भारतीय स्त्रीच्या शरीरातून त्यांनी एक वाण वेगळा केला. प्रारंभी तो लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस समजला जात असे. पुढे तो लॅक्टोबॅसिलस हेल्व्हेटिकस असल्याचे निश्चित झाले. चंदीगडच्या सूक्ष्मजीव संग्रहात त्याची नोंद ‘एमटीसीसी ५४६३’ या क्रमांकाने आहे.

२०११ मध्ये या वाणाचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. भारतीय उगमाच्या प्रोबायोटिक जिवाणूचा तो पहिला जनुकीय आराखडा मानला जातो. अशा आराखड्याचा उपयोग सुरक्षिततेच्या तपासणीत होतो. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके या वाणात आहेत का, असल्यास ती दुसऱ्या जिवाणूकडे संक्रमित होऊ शकतात का, विषद्रव्ये निर्माण करणारी जनुके आहेत का, या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात. अब्जावधींच्या संख्येने पोटात घ्यावयाच्या जिवाणूविषयी ही माहिती असणे अत्यावश्यक आहे.

देशी वाणाचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. आहार, हवामान आणि आतड्यातील मूळ जिवाणूसृष्टी देशागणिक बदलते. युरोपातील दुग्धाहारी माणसाच्या आतड्यात जो वाण टिकतो, तो भात, मासळी आणि नारळ खाणाऱ्याच्या आतड्यातही तसाच टिकेल, असे गृहीत धरता येत नाही.

पहिले शस्त्र : आम्ल

दुधात जिवाणू वाढू लागले की ते दुधातील शर्करेचे, म्हणजे लॅक्टोजचे, लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. ताज्या दुधाचा सामू, म्हणजेच पीएच, सुमारे ६.६ असतो. दही लागताना तो ४.६ च्या आसपास उतरतो. त्या ठिकाणी केसीन हे प्रथिन एकत्र येऊन दूध घट्ट होते. दह्याचे घट्टपण आणि त्याची संरक्षक शक्ती या दोन्ही गोष्टी एकाच आम्लातून उद्भवतात.

केवळ आंबटपणामुळे जिवाणू मरतात, असे समजणे अपुरे ठरेल. लॅक्टिक आम्ल पाण्यात दोन रूपांत असते. विघटित रूपावर विद्युतभार असतो आणि ते जिवाणूच्या पेशीपटलातून सहज जाऊ शकत नाही. अविघटित रूपावर भार नसतो आणि ते पटलातून आत शिरते. पेशीच्या आतील द्रव जवळपास उदासीन असल्याने तेथे त्याचे विघटन होते आणि हायड्रोजनचे धन आयन मोकळे होतात. पेशीचा अंतर्भाग आम्लधर्मी होऊ लागतो. हे आयन बाहेर फेकण्यासाठी जिवाणूला आपली ऊर्जा खर्च करावी लागते. वाढीसाठी आणि विभाजनासाठी ऊर्जा उरत नाही. विकरांचे कार्य मंदावते आणि अखेर पेशी निकामी होते.

सामूचे महत्त्व एका हिशेबावरून स्पष्ट होते. ६.६ सामू असताना लॅक्टिक आम्लाचा हजारातील जेमतेम दोन भाग अविघटित रूपात असतो. सामू ४.५ पर्यंत उतरला की हे प्रमाण शेकडा १९ च्या आसपास जाते. म्हणजे आम्लाची मात्रा तीच राहिली तरी त्याचा मारक अंश जवळपास शंभरपट वाढतो. अर्धवट लागलेले अदमुरे दही आणि नीट लागलेले दही यांच्या टिकाऊपणातील फरकाचे रहस्य येथे आहे.

काही प्रोबायोटिक जिवाणू, विशेषतः बायफिडोबॅक्टेरिया, लॅक्टिक आम्लाबरोबर ॲसेटिक आम्लही तयार करतात. त्याच सामूला ॲसेटिक आम्लाचा अविघटित अंश लॅक्टिक आम्लाहून अधिक असतो. साल्मोनेला, शिगेला, ई. कोलाय यांसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंभोवती एक अतिरिक्त बाह्य पटल असते. लॅक्टिक आम्ल हे बाह्य पटल सैल करते, त्यामुळे इतर मारक द्रव्यांनाही आत शिरण्यास वाट मिळते.

दुसरे शस्त्र : हायड्रोजन पेरॉक्साइड

दह्यातील काही लॅक्टोबॅसिलस प्राणवायूच्या सान्निध्यात हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करतात. जखम धुण्यासाठी वापरले जाणारे हेच द्रव्य जिवाणूंच्या पटलातील मेद आणि प्रथिने यांचे ऑक्सिडीकरण करते. कच्च्या दुधात लॅक्टोपेरॉक्सिडेज नावाचे एक विकर असते. ते पेरॉक्साइड आणि दुधातील थायोसायनेट यांच्यापासून आणखी प्रभावी जिवाणुरोधक संयुग बनविते. तथापि दूध उकळल्यावर हे विकर नष्ट होते. म्हणून उकळलेल्या दुधाच्या दह्यात या मार्गाचा वाटा मर्यादित राहतो. त्यासाठी कच्चे दूध वापरावे, असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे आहे. कच्च्या दुधातून क्षयरोग, ब्रुसेलोसिस आणि लिस्टेरियाचा संसर्ग होऊ शकतो.

तिसरे शस्त्र : बॅक्टेरिओसिन

अनेक लॅक्टिक आम्लकारी जिवाणू लहान प्रथिने निर्माण करतात आणि ती आपल्या जवळच्या नात्यातील स्पर्धक जिवाणूंना मारतात. त्यांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. त्यांपैकी सर्वांत परिचित म्हणजे लॅक्टोकॉकस लॅक्टिसने बनविलेले नायसिन. त्याचा जिवाणुरोधक परिणाम १९२८ मध्ये नोंदविला गेला, १९४७ मध्ये त्याला हे नाव मिळाले आणि आज अनेक देशांत अन्नपरिरक्षक म्हणून त्याचा वापर होतो.

नायसिनची कार्यपद्धती सूक्ष्म आहे. जिवाणू आपली पेशीभित्तिका बांधताना ‘लिपिड-२’ नावाचा एक रेणू वाहकासारखा वापरतात. नायसिन नेमके त्यालाच चिकटते. त्यामुळे भित्तिकेचे बांधकाम थांबते. पुढे तेथेच अनेक रेणू मिळून पटलाला छिद्र पाडतात आणि पेशीतील द्रव्ये बाहेर गळून जातात. लिस्टेरिया, स्टॅफिलोकॉकस, क्लॉस्ट्रिडियम अशा ग्रॅम-धन जिवाणूंवर ते प्रभावी ठरते. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्य पटलामुळे मात्र ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. अतिसाराचे बहुतेक जिवाणू ग्रॅम-ऋण असल्याने, त्यांच्या बाबतीत नायसिनपेक्षा आम्लाचे कार्य अधिक महत्त्वाचे ठरते.

चौथे शस्त्र : जागा आणि अन्न यांची स्पर्धा

आंबवलेल्या दुधात उपकारक जिवाणूंची संख्या प्रथमपासूनच मोठी असते. ते शर्करा आणि अन्य पोषकद्रव्ये वेगाने संपवितात. मागून आलेल्या जिवाणूला वाढण्यास वाव राहत नाही. आतड्यातही हीच स्पर्धा चालते. घातक जिवाणूला रोग निर्माण करण्यासाठी प्रथम आतड्याच्या आवरणाला चिकटावे लागते. काही उपकारक वाण श्लेष्म्याला आणि पेशींना चिकटून त्या जागा व्यापतात. काही वाण आवरणातील पेशींना अधिक श्लेष्मा स्रवण्यास, परस्परांतील सांधे घट्ट ठेवण्यास आणि ‘आयजीए’ हे प्रतिपिंड अधिक निर्माण करण्यास उद्युक्त करतात.

जपानी शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की, काही बायफिडोबॅक्टेरियांनी निर्माण केलेल्या ॲसिटेटमुळे आतड्याच्या आवरणाचे रक्षण झाले आणि ई. कोलाय ओ-१५७ या घातक जिवाणूचे विष रक्तात शिरू शकले नाही. ज्या बायफिडोबॅक्टेरियांकडे पुरेसे ॲसिटेट बनविण्याची क्षमता नव्हती, त्यांनी संरक्षण दिले नाही. वाणावाणांतील भेद किती निर्णायक असतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

प्रयोगशाळेत कारण कसे शोधतात?

एखाद्या दह्यात जिवाणुरोधक शक्ती आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. अगारच्या बशीवर घातक जिवाणूचा थर पसरतात. त्यात लहान खळगे करून त्यांत दह्याची गाळलेली निवळी भरतात आणि बशी रात्रभर उबदार ठेवतात. निवळीत मारक द्रव्य असेल तर खळग्याभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते.

खरे कौशल्य पुढच्या टप्प्यात आहे. निवळीतील आम्ल अल्कलीने उदासीन करून प्रयोग पुन्हा केला आणि वर्तुळ नाहीसे झाले, तर मारक द्रव्य आम्ल होते असे ठरते. वर्तुळ राहिले, तर निवळीत कॅटलेज हे विकर मिसळतात. ते पेरॉक्साइडचे विघटन करते. आता वर्तुळ गेले तर श्रेय पेरॉक्साइडचे. तरीही वर्तुळ कायम राहिले आणि प्रथिने पचविणारे विकर घातल्यावरच नाहीसे झाले, तर ते बॅक्टेरिओसिनचे कार्य समजले जाते. बशीतील स्वच्छ वर्तुळ मोहक असते. परंतु ते माणसाच्या पोटातील परिणामाचे प्रमाण नव्हे. जठरातील आम्ल, पित्त, अन्नाचा लोंढा आणि आतड्यातील अगणित अन्य जिवाणू यांपैकी काहीही त्या बशीत नसते.

दही जेथे हतबल ठरते

दह्यात कोणताही रोगजंतू टिकत नाही, ही समजूत खरी नाही. १९९१ मध्ये वायव्य इंग्लंडमध्ये दह्यातून ई. कोलाय ओ-१५७ चा प्रादुर्भाव झाला होता. हा जिवाणू आम्ल सोसण्यात तरबेज आहे आणि त्याची अल्प संख्याही आजारास पुरेशी असते.

दुसरी मर्यादा विषाची आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू हाताच्या जखमेतून किंवा गायीच्या सुजलेल्या कासेतून दुधात येतो. दूध उबदार जागी बराच वेळ पडून राहिले, तर तो उष्णतेला दाद न देणारे विष तयार करतो. नंतर दूध उकळले, त्याचे दही लावले आणि जिवाणू मेले, तरी विष तसेच राहते. तिसरी मर्यादा बीजाणूंची. बॅसिलस सीरियससारख्या जिवाणूंचे बीजाणू उकळण्यातूनही वाचतात. विरजण सशक्त असेल आणि आम्लता वेगाने वाढली, तर ते वाढू शकत नाहीत. विरजण दुबळे असेल तर त्यांना संधी मिळते.

श्रीखंडाचेही उदाहरण बोधप्रद आहे. बडोदा डेअरीच्या सुगम प्रकल्पाने दह्यातील पाणी यंत्राने वेगळे करून चक्का बनविण्याची रीत अवलंबिली आणि श्रीखंडाचे औद्योगिक उत्पादन देशाला परिचित करून दिले. श्रीखंड टिकते ते आम्लता आणि भरपूर साखर यांच्या संयोगाने. साखर पाणी बांधून ठेवते आणि जिवाणूंना ते मिळत नाही. परंतु टिकाऊपणा वाढविण्यासाठी श्रीखंडाला उष्णता दिली असेल, तर त्यातील उपकारक जिवाणूही मरतात. असे श्रीखंड सुरक्षित आणि रुचकर असते, पण प्रोबायोटिक म्हणता येत नाही. कढीचेही तसेच आहे.

माणसांवरील पुरावा

भारतातील एक महत्त्वाचा अभ्यास कोलकात्याच्या राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेने केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपडवस्तीतील एक ते पाच वर्षे वयाच्या ३,७५८ मुलांना दोन गटांत विभागले गेले. एका गटाला शिरोता वाणाचे आंबवलेले दूध आणि दुसऱ्याला साधे पोषक पेय बारा आठवडे रोज दिले गेले. त्यानंतर आणखी बारा आठवडे निरीक्षण करण्यात आले. प्रोबायोटिक गटातील ६०८ मुलांना, तर दुसऱ्या गटातील ६७४ मुलांना अतिसार झाला. संरक्षणाचे प्रमाण सुमारे १४ टक्के ठरले. लाभ खरा आहे, पण माफक आहे. स्वच्छ पाणी आणि शौचालय यांची जागा तो घेऊ शकत नाही.

ओडिशातील १४९ गावांत ४,५५६ नवजात अर्भकांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दूध नव्हे, तर लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक विशिष्ट वाण आणि एक शर्करासंयुग सात दिवस देण्यात आले. जंतुदोष आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. हा परिणाम लक्षणीय असला, तरी तो त्या एका वाणाचा आणि त्या मात्रेचा आहे.

इंग्लंडमधील अनुभव दोन्ही बाजूंचा आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३५ वयस्क रुग्णांच्या अभ्यासात, प्रतिजैविके घेत असताना आंबवलेले दूध घेणाऱ्या गटात अतिसार १२ टक्के, तर दुसऱ्या गटात ३४ टक्के आढळला. परंतु २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे ३,००० वृद्ध रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, वेगळ्या वाणांच्या कुप्यांनी कोणताही फरक पडला नाही. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिले असता त्या गटात मृत्यू अधिक झाले, असे २००८ मध्ये दिसून आले. उपकारक जिवाणूही जिवाणूच असतो. अतिगंभीर रुग्ण, अतिशय दुबळी प्रतिकारशक्ती असलेले रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची अर्भके यांना वैद्यकीय सल्ल्याविना प्रोबायोटिक औषधे देऊ नयेत.

वेष्टनावर काय पाहावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये अन्नातील प्रोबायोटिकसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वंश, प्रजाती आणि वाण यांचे नाव, मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जिवाणूंची संख्या आणि साठवणुकीच्या अटी वेष्टनावर असाव्यात, अशी त्यांत अपेक्षा आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांत दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असण्याची अट घालण्यात आली.

नावांबाबत एक सूचना आवश्यक आहे. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस या विशाल वंशाचे २५ वंशांत विभाजन केले. त्यामुळे एकाच जिवाणूचे नाव काही वेष्टनांवर ‘लॅक्टोबॅसिलस’, तर काहींवर ‘लॅक्टीकेसीबॅसिलस’ असे दिसू शकते. ग्राहकाने नावापुढील अक्षरे व आकडे, म्हणजेच वाणाची ओळख, पाहावी. केवळ ‘प्रोबायोटिक’ एवढाच शब्द मोठ्या अक्षरांत असेल आणि वाणाचा उल्लेख नसेल, तर दाव्याची परीक्षा करणे शक्य होत नाही. शीतसाखळी तुटली तर जिवंत जिवाणूंची संख्या घटते. म्हणून दुकानाच्या फळीवर उन्हात ठेवलेली बाटली मुदतीत असली तरी उपयोगाची राहीलच असे नाही.

घरच्या विरजणाची शिस्त

घरचे दही प्रोबायोटिक ठरो वा न ठरो, नीट लावलेले दही सुरक्षित आणि पौष्टिक आहार आहे. दूध खळखळून उकळावे आणि कोमट होताच विरजण लावावे. निवलेले दूध तासन्‌तास उघडे ठेवू नये. विरजण ताजे, गोडसर आंबट आणि बुरशीरहित असावे. भांडे व चमचा गरम पाण्याने धुतलेले असावेत. दही लागल्यावर ते थंड जागी ठेवावे. विरजण वारंवार दुबळे पडत असेल, दही तारदार होत असेल किंवा त्याला कुबट वास येत असेल, तर जुन्या विरजणाचा मोह सोडून नवे आणावे. ताकात घातले जाणारे पाणी उकळलेले असावे. दह्यातील सर्व संरक्षण दूषित पाण्याच्या एका पेल्याने व्यर्थ जाऊ शकते; ताक पातळ करताना आम्लही पातळ होते, हे विसरता कामा नये.

अतिसार झाल्यास पहिला उपाय जलसंजीवनीचा, म्हणजे ओआरएसचा. मुलांना त्याच्या जोडीला दहा ते चौदा दिवस झिंक द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. स्तनपान आणि नेहमीचा हलका आहार चालू ठेवावा. त्या आहारात दही-भाताला अवश्य स्थान आहे. शौचातून रक्त पडणे, सतत उलट्या, डोळे खोल जाणे, लघवी बंद होणे किंवा मूल सुस्त पडणे ही लक्षणे दिसताच विलंब न करता रुग्णालय गाठावे.

विरजणातील जिवाणू आम्लाने, पेरॉक्साइडने, बॅक्टेरिओसिनने आणि निव्वळ संख्याबळाने घातक जिवाणूंना रोखतात, हे विज्ञानाने स्पष्ट केले आहे. त्यांची सत्ता दुधाच्या भांड्यात सर्वाधिक आणि आतड्यात मर्यादित असते, हेही त्याच विज्ञानाने दाखवून दिले आहे. विश्वामित्रीच्या काठी असो वा मांडवीच्या, पूर ओसरलेल्या घरात दह्याची वाटी पथ्य म्हणून योग्यच. मात्र तिच्या आधी उकळलेले पाणी, स्वच्छ हात आणि जलसंजीवनीची पुडी हवी.